शेंदराचा पहिला हात

कॉस्टिकच्या टाकीतून मी त्याला चिमट्याने वर काढलं, तेव्हा त्याचा उजवा हात गेलेला होता.

दीड इंचाचा शिशाचा शिपाई. शिपाई कसला, अधिकारीच. गळ्यात दुर्बीण, कमरेला पिस्तूल. रंग गेला होता, पण त्याबरोबर हातही गेला होता आणि अंग खरबरीत, काळं पडलं होतं. मी टाकीत वाकून बघितलं. तळाला गाळ होता. त्या गाळात एवढासा हात शोधणार कोण?

तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात पेंट शॉपला होतो. एकोणऐंशीचा सुमार असेल. पंपाची बॉडी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. एखाद्या बॉडीचा रंग बिघडला की आम्ही ती गरम कॉस्टिकच्या टाकीत सोडायचो. तासाभरात रंग सालीसारखा सुटून यायचा. यालाच स्ट्रिपिंग म्हणतात. बिडाला काही होत नाही. शिशाच्या शिपायाचा हात मात्र डाखाने जोडलेला होता, आणि गरम कॉस्टिकने तो डाख खाल्ला. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून तर एकच शिपाई आधी टाकून बघितला, एवढी अक्कल तरी चालवली.

मालक मागे येऊन उभे राहिले.

"काय झालं रं शंकर?"

"एक गेला, मालक."

"गेला म्हंजे?"

मी चिमटा पुढे केला. मालकांनी चष्मा वर केला, खाली केला.

"मोजून दिल्यात रं त्यांनी. एकशे बारा. आता सायबास्नी काय सांगू मी?"

मालकांना लष्कराचं भारी वेड. तरुणपणी भरतीला गेले होते, पाय सपाट म्हणून माघारी आले. तेव्हापासून कॅम्पातला कुठलाही निवृत्त अधिकारी कारखान्यात आला की मालक खुर्चीतून उठून उभे राहायचे. असेच एक मेजर साहेब बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आले होते. डब्यात कापूस आणि कापसात हे शिपाई.

मेजर साहेबांनी आम्हाला खेळ समजावून सांगितला होता. मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, झाडी मांडायची. दोन बाजूंनी शिपाई उभे करायचे. कोण किती चालला ते फूटपट्टीने मोजायचं आणि गोळी कोणाला लागली ते फाशांवर ठरवायचं.

"म्हंजे सोंगट्याच की, सायेब," मालक म्हणाले होते.

"सोंगट्याच," साहेब म्हणाले. "यांच्यावर कोणीतरी खाकी रंगाचे थर चढवलेत. मला सगळे हिरव्यात पाहिजेत. आमची माणसं हिरव्यात होती. पुढच्या रविवारी माझा मित्र येतोय. डॉक्टरांनी त्याला प्रवास करू नको म्हणून सांगितलंय, तरी येतोय. त्याआधी झाले पाहिजेत. पुन्हा तो येईल असं मला वाटत नाही."

माझ्या हाताशी बारा दिवस होते.

प्रत्येक शिपायाच्या बुडाशी सुईने खरवडलेली दोन-दोन इंग्रजी अक्षरं होती. आमच्या बिडाच्या मालावरही असे पॅटर्नचे, म्हणजे साच्याचे नंबर असतात. मी म्हटलं, हा त्यातलाच प्रकार. दुर्बीणवाल्याच्या बुडाशी मात्र काहीच नव्हतं, म्हणून तो जास्तीचा असेल असं समजून मी त्यालाच टाकीत सोडला होता.

मग मी कॉस्टिकचा नाद सोडला. पेंट रिमूव्हर आणला. तो ब्रशने लावायचा आणि वाट बघायची. थोड्या वेळाने रंगाला सुरकुत्या पडतात, मग जुन्या टूथब्रशने हलकेच घासायचं. कपड्याच्या चुण्यांत अडकलेला रंग काढायला मी बाभळीचे काटे आणले. सुईने शिशावर चरे पडतात, काट्याने पडत नाहीत. एका शिपायाला सकाळची दहा मिनिटं जायची. पंपाचं काम दुपारी.

ते दिवस मला अजून लख्ख आठवतात आणि तरी झोपेत बघितल्यासारखे वाटतात. थंडी पडायला लागलेली. खिडकीतून कोवळं ऊन बाकावर यायचं. खाकी रंग सुटला की खालून करड्या शिशाचा चेहरा वर यायचा. एवढंसं नाक, एवढीशी मिशी, हनुवटीखालचा पट्टा. एकाचं तोंड किंचित उघडं होतं, काहीतरी सांगायला निघाल्यासारखं. पंपाला चेहरा नसतो. आठ वर्षं मी बिन-चेहऱ्याच्या वस्तू रंगवत होतो. आता काटा चालवताना मी त्यांच्याशी बोलायलाही लागलो होतो. "हलू नको रं, झालं, झालं." मालकांनी एकदा ऐकलं आणि आले तसे माघारी गेले.

सगळे शिपाई स्वच्छ झाले आणि प्रायमरची वेळ आली. प्रायमर म्हणजे रंगाच्या आधीचा हात. उघड्या धातूवर रंग थेट धरत नाही, काही दिवसांत पापुद्रे सुटतात. मधे धरून ठेवणारं काहीतरी लागतं. हे काम मी निपाणीला शिकलो. तिथले माझे उस्ताद तंबाखूच्या वखारींचे लोखंडी दरवाजे आणि ट्रकच्या पाट्या रंगवायचे. त्यांचं एकच सांगणं होतं, "धातूला पहिला हात शेंदराचा. मग तुझं काय ते रंगकाम." शेंदूर म्हणजे देवाला लावतात तोच. जवसाच्या उकळलेल्या तेलात कालवला की गंज थोपवणारा पक्का प्रायमर होतो. आमच्या कारखान्यात पाइपाच्या आट्यांना लावायला शेंदराचा डबा कायम असायचा.

साहेबांचं काम, म्हणून मी उत्तमातलं उत्तम द्यायचं ठरवलं. तो डबा घेतला. एक हात पुरे झाला असता, मी दोन दिले.

हे तेल वाळायला दिवस लागतात. कारखान्यात बिडाची धूळ उडते, ती ओल्या प्रायमरवर बसली की कायमची बसते. म्हणून मी शिपाई सायकलवरून येळ्ळूरला घरी नेले. परड्यात एका फळीवर ओळीने उभे केले आणि कामावर परत गेलो. आईला काही सांगायचं सुचलं नाही. माझ्या दृष्टीने तो जॉब होता.

संध्याकाळी घरी आलो तर परड्यात चार बायका उभ्या. फळीपुढे रांगोळी. उदबत्ती लावलेली. प्रत्येक शिपायाच्या पायाशी शेवंतीचं एक-एक फूल, आणि आई हात जोडून बसलेली.

"हे काय गं आई?"

"तूच सांग की. एवढं वीर कुठनं आणलंस?"

आमच्याकडे वीर म्हणजे लढाईत पडलेले पूर्वज. गावाच्या शिवेवर त्यांचे दगड असतात आणि दगडांना शेंदूर असतो. शेंदूर माखलेली, हत्यार धरलेली एवढी माणसं एका फळीवर बघून आईने दुसरं काय समजायचं?

मी म्हटलं, "अगं, खेळणी हाईत ती. सायबाची. हा शेंदूर न्हवं, प्रायमर हाय."

"शेंदूर न्हाय?"

"शेंदूरच हाय, पण प्रायमर म्हणून लावलाय."

हे बोलताना माझं मलाच पटेना. शेजारची गौराक्का पुढे झाली. तिचा नवरा पलटणीत होता, लढाईत बेपत्ता झाला. कागद आला, माणूस आला नाही. ती म्हणाली, "असूं दे रं शंकर. मी माझ्या मालकांच्या नावानं एक फूल घातलंय ह्यात. कुठला दगड बी न्हवता मला फूल घालायला."

 मी फळीजवळ वाकलो. चेहरे गेले होते. शेंदूर जाड बसला होता, दोन हातांत नाकं, मिश्या, डोळे सगळं बुजलं होतं. तोंड उघडं असलेला कोणता तेही ओळखू येत नव्हतं. दरवाजाला चालणारा प्रायमर दीड इंचाच्या माणसाला चालत नाही. शिवाय शिसं गंजत नाही. ज्या रोगावर मी एवढं औषध पाजलं, तो रोग त्यांना होणारच नव्हता.

म्हणजे सगळं परत काढायचं. रविवारला पाच दिवस उरले होते.

"आई, हे काढाय पायजे."

"शेंदूर?" आई उठून उभीच राहिली. "चढलेला शेंदूर खरवडतोस? घरादाराचं वाटूळं करतोस व्हय?"

"मग मी सायबास्नी काय देऊ?"

आईने विचार केला. "कौल लावू. त्येंनी व्हय म्हटलं तर काढ."

देवाला विचारायचं असलं की आमच्याकडे कौल लावतात. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आंघोळ करून पहिल्या शिपायाच्या दोन्ही खांद्यांना पाकळ्या लावल्या आणि आम्ही समोर बसलो. मी अर्धी रजा टाकली होती.

नऊ वाजले, दहा वाजले. दव वाळलं, ऊन फळीवर आलं, परड्यात जवसाच्या तेलाचा वास भरून राहिला. मला गुंगी आल्यासारखं झालं. ते एकशे अकरा जण आणि आम्ही दोघं, सगळेच कोणाची तरी वाट बघत बसलोय असं वाटायला लागलं. कुठलीच पाकळी पडेना.

का पडत नव्हती ते मला ठाऊक होतं. प्रायमर अजून टॅकी होता. टॅकी म्हणजे वरून वाळल्यासारखा दिसतो पण बोट लावलं की चिकटतो. त्या पाकळ्या चार दिवस पडल्या नसत्या. पण हे आईला सांगणार कसं?

"बोलत न्हाईत," आई म्हणाली. "बोलस्तवर हात लावायचा न्हाय."

मी सायकल काढली आणि थेट कॅम्पात मेजर साहेबांच्या बंगल्यावर गेलो. उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. कॉस्टिक, हात, शेंदूर, चेहरे, पाकळ्या. साहेब ऐकत राहिले. मी खिशातून तो दुर्बीणवाला काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"ह्याच्या बुडाशी नंबर नव्हता, साहेब. मला वाटलं जास्तीचा आहे."

साहेबांनी तो उलटासुलटा केला. "हा मी आहे," ते म्हणाले. "स्वतःचं नाव कशाला लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं." मग ते किंचित हसले. "बरा झालाय. असाच राहू दे."

तेव्हा कुठे मला कळलं की ती अक्षरं पॅटर्नचे नंबर नव्हते.

साहेब स्कूटरवरून माझ्या मागोमाग येळ्ळूरला आले. परड्यात आले, टोपी काढली आणि फळीपुढे उकिडवे बसले.  आईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तांब्याकडे बघतच ते सांगायला लागले, म्हणजे आईला सांगत होते की स्वतःला ते मला कळलं नाही.

"ही माझी कंपनी, बाई. माझ्या हाताखालची माणसं. नदीच्या काठाला होतो. माझा मित्र म्हणत होता, पहाटेच्या आत मागं घे. मी म्हटलं, थांबू. एकतीस जण परत आले नाहीत. तोच मित्र रविवारी येतोय. एकदा त्याच्या म्हणण्याप्रमाणे खेळून बघायचंय. मागं घेतलं असतं तर किती वाचले असते, एवढंच बघायचंय. इतकी वर्षं झाली, रोज तेच डोक्यात येतं."

गौराक्का कुंपणापाशी उभी होती. तिने पदर सावरून नवऱ्याचं नाव सांगितलं. "ह्यात हाईत का वो ते?"

साहेबांनी मान वर केली. खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं, कोण तपासणार होतं? पण ते म्हणाले, "नाहीत, ताई. ते माझ्या कंपनीत नव्हते."

"असूं दे," गौराक्का म्हणाली. "हे बी कुणाचं तरी हाईतच की." आणि तिने फूल तसंच राहू दिलं.

आई मात्र कसल्यातरी विचारात पडली होती. "सायेब, एकतीस गेलं म्हंता. मग बाकीचं?"

"बाकीचे ऐंशी परत आले. बरेचसे अजून आहेत, दसऱ्याला पत्रं येतात."

आई गर्रकन माझ्याकडे वळली. "जित्या माणसास्नी शेंदूर फासलास व्हय रं मुडद्या? असलं अभद्र करत्यात? काढ! आधी काढ ते!"

"आणि कौल?"

"जित्यांना कसला कौल? पत्रं येत्यात म्हंत्यात न्हवं ते!"

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केला आणि फळीवरचे शिपाई एक-एक करून उलटे धरत बुडाशी बघायला सुरुवात केली. पाच-सहा झाल्यावर त्यांनी बघायचं सोडलं. चेहरे बुजलेले, रंग एकच, तरी ते उचलत गेले. हा बसलेला, हा बंदूक खांद्यावर घेतलेला, हा वाकलेला. कोण कसा उभा आहे हे त्यांना पाठ होतं. एकतीस जण त्यांनी फळीच्या डाव्या टोकाला नेऊन ठेवले. बोटं शेंदराने माखली होती. ती पुसायला मी थिनरचा बोळा दिला, तो त्यांनी नुसताच हातात धरला.

पुढचे दिवस मी जेवण विसरून काम केलं. ओला शेंदूर काढणं सोपं असतं, ही एक गोष्ट माझ्या बाजूने होती. डाव्या टोकाच्या एकतीस जणांना हात न लावता बाकीचे ऐंशी पुन्हा स्वच्छ केले, तोंड उघडं असलेलाही सापडला. तो परत आलेल्यांतला निघाला, याचा मला केवढा आनंद झाला. या वेळी प्रायमर दुधापेक्षा पातळ केला आणि स्प्रे गन लांब धरून नुसता वाफारा दिला. मग हिरवा. चेहरे जसेच्या तसे राहिले. मालक येऊन भिंग लावून बघून गेले. "डोळं दिसाय लागल्यात की रं," म्हणाले.

रविवारी सकाळी मी आणि मालक डिलिव्हरी द्यायला गेलो. साहेबांनी आम्हाला थांबवून घेतलं. हॉलभर टेबल. त्यावर वाळूचे उंचवटे, जोंधळ्याच्या बुडख्यांची झाडी, आणि मधून निळी रंगवलेली काचेची नदी. मित्र कर्नल होते. काठी टेकत आले, दम खात खुर्चीत बसले. शत्रूची बाजू ते खेळणार होते, त्या बाजूचे शिपाई साहेबांनी आधीच मांडले होते. नियमाला एकदम कडक माणूस. साहेबांचा शिपाई अर्धा इंच पुढे गेला तर फूटपट्टीने मागे सरकवायचे.

खेळ दुपारपर्यंत चालला. पडदे ओढलेले होते, निळ्या काचेवर दिव्याचा उजेड पडला होता. फासे लाकडावर वाजायचे आणि परत शांतता. बिनहाताचा दुर्बीणवाला मागच्या उंचवट्यावर उभा. हिरवे शिपाई नदीकडे मागे येत होते. त्यांतले काही फाशांवर पडले, साहेबांनी ते आडवे केले. शेवटी काठावर एकतीस शेंदरी शिपाई राहिले, आणि समोरून मारा सुरू झाला.

कर्नल साहेबांनी फासे मुठीत घेतले, खुळखुळवले. सगळे बघत होते. मग त्यांनी मूठ उघडून फासे डबीत टाकले आणि डबीचं झाकण लावलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"यांना एकदा लागून गेलंय. परत नाही."

"अरे, मग किती वाचले असते ते कळणार कसं?"

"नाही कळायचं," कर्नल साहेब म्हणाले. "ने त्यांना पलीकडे."

 साहेबांनी एक शेंदरी शिपाई उचलला आणि निळ्या काचेपलीकडे ठेवला. मग दुसरा. फूटपट्टी कोणी काढली नाही. एकतीस जण पार व्हायला पाव तास लागला. मालक पोट आत ओढून सावधानमध्ये उभे होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दोनेक वर्षांनी साहेब बेळगाव सोडून मुलाकडे गेले. जाताना बिस्किटांचा डबा घेऊन येळ्ळूरला आले. हिरवे त्यांनी बरोबर नेले. शेंदरी आईच्या ओटीत घातले. तुळशीकट्ट्याच्या कोनाड्यात ते अजून आहेत. गौराक्का होती तोवर फूल तिचंच असायचं.

या प्रकरणातून मी धंद्यातलं एवढंच शिकलो: बारीक वस्तूला प्रायमर पातळ मारावा, आणि माल घरी नेला तर घरच्यांना आधी सांगावं.

आई गेल्यापासून दर खंडेनवमीला त्या एकतीस जणांना शेंदूर मी लावतो. आता इतके थर झालेत की बंदूक कुठली आणि हात कुठला ते कळत नाही. लावण्याआधी मी प्रत्येकाला उलटा धरतो आणि बुडाशी खरवडलेल्या दोन अक्षरांवर चिकटपट्टीचा तुकडा लावतो. शेंदूर वाळला की तो काढून घेतो. जिथे रंग चढू द्यायचा नसतो तिथे असं झाकायचं असतं. आमच्या धंद्यात त्याला मास्किंग म्हणतात.